सिस्टर, हाऊ इज ही?

पेडण्याच्या बसमध्ये चढले की सीट मिळायच्या आधी मला प्रश्न मिळतो. मागून कुणीतरी ओरडतं, "टीचर, व्हाय आर यू लेट?" उशीर झालेला असतो बसला, आणि जाब विचारतात मला! कंडक्टरही दात काढतो. तोही माझाच विद्यार्थी.

माझ्या संध्याकाळच्या इंग्लिश क्लासचे किस्से मला शोधावे लागत नाहीत. फणसाच्या दिवसांत शेजारी न विचारता दारात फणस ठेवून जातो, तसे ते येऊन पडतात. आता कापा, खा, आणि उरले तर वाटा! तुम्ही आलाच आहात, चहाही गॅसवर आहे, तेव्हा थोडे तुम्हीही न्या.

*

हायस्कुलातून रिटायर झाले तेव्हा ठरवलं होतं की आता कुणाला काही म्हणजे काही शिकवायचं नाही. माडांना पाणी घालायचं, दुपारी झोपायचं, आणि चुकीचं इंग्लिश कानावर पडलं तरी गप्प बसायचं. पण मोपाला विमानतळ झाला, केरीच्या वाटेवर घराघरात खोल्या भाड्याने लागल्या, आणि एका संध्याकाळी जुनी पोरं पिकल्या मिशा घेऊन माझ्या दारात उभी. सगळ्यांत पुढे उमेश.

"टीचर, इंग्लिश शिकवा. टॅक्सी घेतली आहे."

"शाळेत सात वर्षं काय करत होतास?"

"झोपत होतो, टीचर."

खरं बोलला म्हणून घेतला.

कोरगावला देवळामागच्या हॉलमध्ये क्लास सुरू झाला. फळ्यावर मी चार शब्द लिहिले. व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ. म्हटलं, "या चार खुंट्या समजा. खुंटीपुढे इज, आर, डू, विल यांतलं लागेल ते लावा, मग यू, ही, शी, दे यांच्यातला कोण तो लावा, मग त्याचं काम लावा. झाला प्रश्न! शर्ट तुमचे, खुंट्या माझ्या."

गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारता आला की अर्धं काम झालं, असं माझं मत होतं. उरलेल्या अर्ध्याचा विचार मी केलाच नव्हता! तो पुढे येईलच.

*

पहिल्याच खुंटीवर क्लास अडला.

मी उमेशला उभा केला. "गिऱ्हाईक टॅक्सीत बसलं. विचार, व्हेअर आर यू गोइंग?"

उमेश मान खाजवायला लागला. मी परत सांगितलं. तो खाली बघून म्हणाला, "टीचर, हां इचारूचां नाय."

"का नाही?"

"भायर पडणाऱ्या माणसाक 'खंय चल्लंस' इचारला काय तेचां काम बिघडता."

अख्खा क्लास माना हलवायला लागला. मी चिडले. "अरे, तू टॅक्सीवाला आहेस की ज्योतिषी? कुठे जायचं ते न विचारता नेणार कुठे?" पण आतून मलाही पटत होतं हो! आमच्या सासूबाई, मी पिशवी घेऊन निघाले की दारातून फक्त "लांब?" एवढंच विचारायच्या. "कुठे" हा शब्द त्यांनी जन्मात उंबऱ्यावर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हरमलला उमेशच्या गाडीत एक फॉरेनर जोडपं बसलं. उमेशने आपल्या डोक्याने तोड काढली. मागे वळून नम्रपणे "लांब?"चं इंग्लिश करून विचारलं. त्यांना काही कळलं नाही, पण माणूस हसून विचारतोय म्हणून त्यांनीही हसून "येस, येस" म्हटलं. मग काय, उमेश लांब घेऊन गेला! केरी आली, रस्ता संपला, समोर समुद्र आणि फेरीबोटीचा धक्का. पुढे न्यायला पृथ्वीच उरली नाही म्हणून थांबला. ती दोघं उतरली, किनाऱ्यावर फिरली, शहाळी प्यायली, ऊन उतरल्यावर परत बसली आणि जाताना उमेशला मिठी मारून गेली.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरां झाला टीचर. पण तेंका एटीएमात जाऊचां होतां."

शेवटी निवाडा दिला सुनंदाने. ही केरीची, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते, आणि क्लासात माझ्यानंतर तिचाच आवाज मोठा. ती म्हणाली, "चाकां फिरली काय माणूस भायर पडलो. मगीर इचारल्यार दोष नाय!"

तेव्हापासून माझे सगळे टॅक्सीवाले गिऱ्हाईक बसलं की गाडी चार हात पुढे नेतात, थांबतात, मागे वळतात आणि मग विचारतात, "व्हेअर आर यू गोइंग?" फॉरेनरांना वाटतं, हा इथला ट्रॅफिकचा नियम आहे.

*

"व्हाय जपून वापरा हं," मी बजावून ठेवलं होतं. "परक्या माणसाला 'का' विचारलं की त्याला वाटतं, आपण जाब विचारतोय."

सुनंदाला हे अजिबात पटलं नाही. "आनी 'का' इचारलां नाय तर तेका वाटता, हेंका माझी पडलीच नाय. ता बरां?"

आता हिला काय सांगणार!

तेव्हा तिच्या मागच्या खोलीत एक बाई येऊन राहिली होती. एकटीच. दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायची आणि केळी खायची. केळी, केळी आणि केळी! सुनंदाच्या घरात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं शिजतंय आणि पलीकडे एक माणूस केळ्यांवर जगतंय, हे सुनंदाला सोसवेना. तिने माझ्याकडून एक वाक्य तयार करून घेतलं, वाटेत बसमध्ये घोकलं, आणि अंगणात जाऊन त्या बाईसमोर उभी राहिली.

"व्हाय डू यू नॉट ईट?"

बाईने वर बघितलं आणि बोलायला लागली. आणि बोलतच राहिली! सुनंदा समोर बसून तिसऱ्या फोडत होती. बाईचा आवाज खाली गेला की सुनंदा "ओ!" म्हणायची, वर गेला की "येस, येस." मध्येच बाई रडली. मग डोळे पुसून तिनेही एक तिसरी उचलली आणि फोडायला बसली. रात्री दोन वेळा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी क्लासात मी विचारलं, "काय सांगितलं गं तिने एवढं?"

"माका काय म्हायत! एक शब्द समाजलो नाय. पण घोव बरो नसतलो."

"नवरा? कशावरून?"

"रडताना तिणां कपाळ असां धरलां." आणि सुनंदाने धरून दाखवलं. क्लासातल्या सगळ्या बायकांनी मान हलवली. कपाळ तसंच धरतात.

ती बाई महिनाभर राहिली. जाताना शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना सांगून गेली की गोव्यात इतक्या ठिकाणी राहिले, पण इंग्लिश समजणारं माणूस एकच भेटलं. सुनंदा!

*

शांतारामकाका क्लासला आले ते काजूच्या हंगामात. जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि हातातला मोबाइल काही सोडेनात. मूळ सावंतवाडीकडचे. डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायला आले ते इकडचेच झाले. खाणी बंद पडल्यावर कोरगावला बायकोच्या माहेरच्या काजूत काम करू लागले. बोलणं आधीपासूनच कमी.

उमेशने विचारलं, "काका, टॅक्सी घेतलात?"

"नाय."

सुनंदाने विचारलं, "खोली भाड्यान दितास?"

"नाय."

मग ते उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "टीचर, प्रसाद पडलो."

प्रसाद त्यांचा एकुलता एक. माझा विद्यार्थी. मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या वेण्या बाकाला बांधणारा. हॉटेलचा कोर्स करून बोटीवर लागला होता, पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर, किचनमध्ये. समुद्र खवळलेला असताना बोटीच्या जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागला. बोटीने त्याला इटलीच्या एका बंदरात इस्पितळात ठेवलं आणि बोट पुढे गेली. डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. घशात नळी. बोलत नव्हता. डोळे कधी उघडायचा, कधी नाही.

"हापिसातसून रोज एक माणूस फोन करता," काका म्हणाले. "म्हणता, स्टेबल आसा. टीचर, स्टेबल म्हणजे काय?"

मी म्हटलं, "जसा होता तसाच आहे."

"म्हणजे बरो काय वायट?"



बोटीवरच्या एका मित्राने काकांना इस्पितळातल्या त्या वॉर्डाचा नंबर मिळवून दिला होता. मी हात पुढे केला. "द्या इकडे. आत्ता विचारते."

काकांनी मोबाइल छातीशी धरला. "नको टीचर. तुमी इचारलात तर ती तुमकां सांगतली. ती बापाशीक काय सांगता, ता माका आयकूचां आसा."

 सुनंदाने हळूच विचारलं, "काका, देवाक इचारलात?"

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"इचारलां. उजवो दिल्यान," काका म्हणाले. "पण देवाक 'येतलो काय' इतक्याच इचारूक येता. 'कधी येतलो' इचारूक जमणा नाय."

"म्हणजे देवाकडे व्हेन नाही," उमेश म्हणाला. त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही अशी ती पहिलीच वेळ.

मी फळा पुसला. व्हेअर आम्हाला माहीत होतं. व्हाय विचारून उपयोग नव्हता. दोनच ओळी लिहिल्या. हाऊ इज ही? व्हेन विल ही कम?

त्या दिवसापासून टॅक्सी, खोल्या, गिऱ्हाइकं सगळं बाजूला पडलं. अख्ख्या क्लासाला एकच धडा.

*

सराव तर हवा! उमेश सिस्टर झाला. डोक्याला पांढरा टॉवेल बांधला आणि टेबलाच्या पलीकडे बसला. काका अलीकडे. कानाला बंद मोबाइल.

"सिस्टर, हाऊ इज ही?"

"ही इज गुड," उमेश बारीक आवाजात म्हणाला. "ही ईट पेज. ही ईट खारवलेला आंबा."

काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "खरां?" त्यांनी विचारलं. उमेशला! टॉवेल बांधलेल्या उमेशला!

मी म्हटलं, असं चालणार नाही. खरी सिस्टर नेहमी चांगलंच सांगेल असं नाही. वाईट ऐकलं तर काय बोलायचं, याचाही सराव हवा. "उमेश, आता सांग, ही इज नॉट गुड."

"मी नाय सांगणार, टीचर."

"अरे नाटक आहे हे!"

"नाटकात पण नाय."

"सुनंदा, तू हो सिस्टर."

सुनंदाने कानांवर हात ठेवले. "टीचर, तिन्हीसांजेक देवळामागे बसून वायट बोलताय काय! वास्तू तथास्तु म्हणता!"

एकेकाला विचारलं. एवढे बाप्ये, दोनदोन पोरांचे बाप, एकही तयार होईना. मला राग आला. म्हटलं, "बाजूला व्हा, मीच सांगते!" टेबलामागे जाऊन बसले. काका समोर. त्यांनी नीट, सावकाश, एकही चूक न करता विचारलं, "सिस्टर, हाऊ इज ही?"

मी तोंड उघडलं. काकांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"ही इज गुड," मी म्हटलं. "ही ईट पेज."

उमेश मागून म्हणाला, "टीचर, ही ईट्स."

*

पहिला फोन हॉलमधूनच लावला. आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार, हा हिशोब मी करून ठेवला होता. मोबाइल टेबलावर, स्पीकर चालू, भोवती आम्ही सगळे. पलीकडे रिंग वाजायला लागली तशी सुनंदाने माझा दंड धरला तो सोडलाच नाही.

फोन उचलला. बाईचा आवाज. काकांनी डोळे मिटून म्हटलं, "सिस्टर, हाऊ इज ही?"

पलीकडून उत्तर आलं नाही. प्रश्न आला! "हू आर यू?"

हू! ती खुंटी आम्ही ठोकलीच नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवून सांगायला लागले, उमेश दुसऱ्या बाजूने सांगायला लागला, सुनंदा तिसरंच काहीतरी. काका गोंधळले, घामाघूम झाले आणि सगळं इंग्लिश सोडून ओरडले, "बापूस! मी बापूस तेचो! प्रसादाचो बापूस!"

 पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "आह! पापा!"

कसं समजलं तिला, देव जाणे.

तिचं नाव मारिया. आमच्याकडे दर चार घरांमागे एक मारिया असते, तेव्हा नाव ऐकूनच सगळ्यांना निम्मा धीर आला. आणि दुसरं बरं म्हणजे तिचं इंग्लिश आमच्यासारखंच होतं! "ही ओपन आइज. ही मूव्ह हँड. टुडे, लिटल गुड." जन्मभर मी पोरांच्या असल्या वाक्यांवर लाल रेघा मारल्या. त्या दिवशी वाटलं, इतकं चांगलं इंग्लिश मी कधी ऐकलंच नव्हतं.

"व्हेन विल ही कम?" काकांनी विचारलं.

"आय डोन्ट नो, पापा," मारिया म्हणाली.

मी अर्थ सांगितला. काकांनी मान हलवली. "देवासारख्याच बोलता," म्हणाले. मग मी शिकवल्याप्रमाणे "थँक्यू, सिस्टर" म्हणून फोन ठेवला. हॉलभर सगळे एकदम बोलायला लागले. हात हलवतो! हात हलवतो! उमेशने बाहेर जाऊन पोदेराची सायकल अडवली आणि होते तेवढे पाव क्लासासाठी उचलून आणले.

*

मग काका रोज फोन करू लागले. क्लासाच्या दिवशी हॉलमधून, आणि रविवारी काजूच्या डोंगरावरून, कारण त्यांच्या घरात रेंज नाही. डोंगरावर एका ठरलेल्या काजूखाली उभं राहिलं तरच फोन लागायचा. एका सोमवारी ते आले ते चेहऱ्यावर हसू घेऊनच. मी म्हटलं, "काय काका, काल काय म्हणाली मारिया?"

"खूप बोलली, टीचर. इतकी कधी बोलूक नाय."

"बरं, काय काय?"

"काय समाजलां नाय."

मी कपाळाला हात लावला. "अहो मग हसताय कशाला?"

"आवाज बरो होतो," काका म्हणाले. "टिपर चालवलंय मी. इंजिनाचो आवाज बरो आसलो काय गाडी घाट चढता. घरात तिका सांगलंय, सिस्टरीचो आवाज बरो होतो. काल ती जेवली."

ती म्हणजे प्रसादची आई. प्रसाद पडल्यापासून बिचारी पेजेवर होती.

 मी वळून फळा पुसला. फळ्यावर काही नव्हतं, तरी पुसला.

*

घशातली नळी काढणार, असं मारिया म्हणाली होती. "टुमॉरो, मेबी." मग परत "टुमॉरो." मग ताप आला आणि टुमॉरो पुढे गेला. मधले दोन दिवस मारियाची सुट्टी होती. फोनवर दुसरंच कुणी यायचं आणि इटालियनमध्ये बोलायचं. काका "थँक्यू" म्हणून ठेवून द्यायचे. त्या दिवसांत ते खंगत चालले होते. क्लासात आले की सरळ टेबलाकडे यायचे, नंबर लावायचे, दोन प्रश्न विचारायचे, आभार मानून ठेवायचे. देवळात घंटा वाजवून परत फिरावं तसं.

त्या संध्याकाळीही तसंच. रिंग वाजली. उचलला. काकांनी डोळे मिटले.

"सिस्टर, हाऊ इज ही?"

 पलीकडे नुसती खरखर. मग एक आवाज आला, बसलेला, फाटका, सुकी झावळी अंगणातून ओढावी तसा.

"ही इज ओके, सर. हाऊ आर यू?"

"ओके. थँक्यू, सिस्टर," काका म्हणाले आणि फोन बंद केला.

दुसरा प्रश्नही विचारला नाही. सुनंदा म्हणाली, "आज सिस्टर बदललीसा दिसता."

"सिस्टर खंयची? बाप्यो होतो तो," उमेश म्हणाला.

"डॉक्टर आसतलो," काका म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकायला लागले.

मी मात्र उभ्याची बसले. ते "हाऊ आर यू" मी ओळखलं होतं. इटलीत कुणी त्याला असा हेल काढत नाही. तसा हेल आमच्या हायस्कुलात काढतात, आणि तो माझ्याच क्लासातून बाहेर पडतो.  मी नुसतीच काकांच्या खिशाकडे बोट दाखवत होते.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

काकांनी काढून नंबर बघितला. वॉर्डाचाच! तिकडून फोन कधी आला नव्हता. आम्हीच करायचो. तिकडून आपणहून फोन येणं म्हणजे काय, ते हॉलमधल्या प्रत्येकाच्या मनात आलं. सुनंदाने देवळाकडे तोंड करून हात जोडले. काका उचलेनात. रिंग वाजत राहिली.

तेव्हा कुठे माझा आवाज फुटला, आणि फुटला तो वर्गावर ओरडायचाच. "शांताराम, उचला तो फोन!"

काकांनी उचलला. कानाला लावायचं धैर्य नव्हतं, म्हणून तसाच टेबलावर ठेवला.

"बाबा," तोच फाटका आवाज म्हणाला, "माझोच फोन कट केलंस?"

काकांनी टेबलाची कड धरली. मागे फळ्यावर दोन्ही प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.  त्यांनी तिकडे वळूनही बघितलं नाही.

"प्रसाद?"

"होय." मग पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मारिया मागून काहीतरी बोलली, बहुतेक पुरे म्हणाली. तो ऐकणार थोडाच! "बाबा, तू इंग्लिश कधी शिकलंस?"

शांतारामकाकांनी खांद्याला डोळे पुसले.

"शिकलंय खंय रे झिला! माका नुसता इचारूक येता. उत्तरां तू घराक येवन दी."